सही नसलेला नकार : व्हिसाच्या सुरक्षा-तपासणीविषयी

मागच्या व्याख्यानात आम्ही ‘अभाव’ या पदार्थाविषयी बोललो. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळते कसे, या जुन्या प्रश्नावर पूर्ण तास गेला. त्यावर जी पत्रे आली त्यांत एक वेगळे होते. पुण्याच्या एका श्रोत्यांनी लिहिले होते की त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. चुलत बहिणीच्या लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा काढून आला, पासपोर्टवरचा व्हिसा नव्याने घ्यायला मुंबईच्या वकिलातीत गेला, आणि तिथे एक कागद हातात देऊन त्याला परत पाठवले. त्याला अकरा आठवडे झाले. पत्राचा शेवट असा : “सर, ते हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. मग ते म्हणाले तरी काय?”

प्रश्न बापाच्या काळजीतून आलेला आहे, पण तो तर्कशास्त्राचाही आहे. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज यावरच बोलणार आहोत. परदेशी कामगारांच्या सुरक्षा-तपासण्या बहुतेक सगळेच देश करतात. आम्ही अमेरिकेपुरते बोलू. एक तर आपली मुले तिथे आहेत, आणि दुसरे म्हणजे तिथली कागदपत्रे, न्यायनिवाडे, हिशेबतपासनिसांचे अहवाल उघडे आहेत. टीका करायची तर ती ज्याने आपला हिशेब उघडा ठेवला आहे त्याच्यावर नीट करता येते. हे त्या देशाचे श्रेयच आहे, ते आधी मान्य करून पुढे जाऊ.

प्रथम थोडा तपशील, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. व्हिसा आणि राहण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एच-१बीवर काम करणाऱ्या माणसाला एका वेळी तीन वर्षांपर्यंत राहण्याची आणि काम करण्याची मंजुरी तिथले नागरिकत्व व स्थलांतर खाते देते. मालकाने अर्ज केला की ती तिथेच, घरबसल्या वाढते. व्हिसा मात्र परराष्ट्र खाते देते आणि तो फक्त दाराशी दाखवायचा असतो. तो संपला तरी आत राहणाऱ्याचे काही बिघडत नाही, जोवर तो दाराबाहेर पाऊल टाकत नाही. बाहेर पडला की परत शिरायला नवा शिक्का हवा, आणि तो मिळतो देशाबाहेरच्या वकिलातीत. जुलै २००४ पर्यंत हा शिक्का अमेरिकेत राहून टपालानेही नवा करून मिळे. बोटांचे ठसे घेणे सक्तीचे झाले आणि ती सोय बंद पडली. २०२४च्या सुरुवातीला वीस हजार लोकांपुरता तसा एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, तो दोन महिन्यांत आटोपला. म्हणजे दहा वर्षे एकाच गावात राहून कर भरणाऱ्या माणसालाही आपण आत येण्याजोगे आहोत हे सिद्ध करायला आधी बाहेर यावे लागते. पूर्वी बरेच जण त्यासाठी कॅनडा नाहीतर मेक्सिकोला जाऊन येत. सप्टेंबर २०२५ पासून तोही रस्ता अरुंद झाला, आपल्या देशात किंवा जिथे राहता त्याच देशात अर्ज करा, असे परराष्ट्र खात्याने सांगितले.

आता खिडकीपाशी काय होते ते बघा. १९५२च्या स्थलांतर कायद्यानुसार अधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय आहेत, व्हिसा देणे किंवा नाकारणे. तिसरा नाही. ‘थांबा’ असा पर्याय कायद्यात नाही. म्हणून थांबवायचे असले की अधिकारी कलम २२१-जीखाली अर्ज नाकारतो आणि त्याच श्वासात सांगतो की प्रकरण ‘प्रशासकीय प्रक्रिये’त आहे. संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून पाहिला तर ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसतो, आणि खाली मजकूर असतो की काम चालू आहे. तर आमच्या श्रोत्यांना उत्तर असे, की ते ‘नाही’ म्हणाले आहेत, पण ते ‘नाही’ आपले आहे असे कोणी म्हणालेले नाही.

‘प्रशासकीय प्रक्रिया’ हा शब्दप्रयोगही जरा तपासून पाहा. प्रशासन जे काही करते ते सगळेच प्रशासकीय, आणि करण्याची कुठलीही रीत ही प्रक्रिया. वर्णन करायच्या वस्तूविषयी काहीही न सांगणारे वर्णन आहे हे. ‘तपासणी’ म्हटले असते तर लगेच प्रश्न आला असता, कोणाची, कशासाठी, कोण करतो? ‘प्रक्रिये’ला कर्ता लागत नाही. दूध नासण्याचीही प्रक्रियाच असते.

या शब्दामागे घडते ते असे. अर्जदाराचे नाव, शिक्षण, काम यांत काही खटकले की वकिलात वॉशिंग्टनचे मत मागवते. तिथून ते नाव गुप्तचर आणि तपास यंत्रणांकडे फिरते. या मागण्यांना सांकेतिक नावे होती. संवेदनशील तंत्रज्ञानाशी संबंध आला की ‘मँटिस’. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही देशांच्या पुरुषांसाठी २००२ साली निघाली ती ‘काँडोर’. तंत्रज्ञानाची एक सावधगिरीची यादी असते. तिच्यात अणुविज्ञान, रसायन, जैवतंत्रज्ञान, प्रगत संगणन, अवकाशविद्या असे एकेक प्रांतच्या प्रांत येतात. आपल्याकडचा विज्ञानाचा चांगला विद्यार्थी या यादीतून सुटायचा तर त्याने आमच्यासारखे तत्त्वज्ञान घ्यायला हवे होते!

या यादीचे फळ काय, याचे गाजलेले उदाहरण घरातलेच आहे. प्रा. गोवर्धन मेहता हे रसायनशास्त्रज्ञ. पुणे विद्यापीठाची पीएच.डी., पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक, आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष. फ्लोरिडातल्या विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते निघाले होते. फेब्रुवारीत चेन्नईच्या वकिलातीत त्यांची मुलाखत झाली. तुमच्या रसायनशास्त्राचा उपयोग रासायनिक शस्त्रांसाठी होऊ शकतो, या दिशेने प्रश्न गेले आणि व्हिसा अडला. अमेरिकेचे अध्यक्ष भारतभेटीला निघण्याच्या बेतात होते, वर्तमानपत्रांत ओरड झाली, दूतावासाने खेद व्यक्त केला, आणि व्हिसा आला. मेहता गेले नाहीत.

आमच्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अपमानाची नाही. ओरड झाल्यावर व्हिसा काही दिवसांत आला, ही महत्त्वाची. त्या दिवसांत त्यांच्या रसायनशास्त्रात काही फरक पडला होता काय? जे प्रकरण तपासावे लागणार होते ते वर्तमानपत्राच्या मथळ्याने तपासून झाले. त्यांच्यामागे रांगेत जे कोणी पंचविशीचे संशोधक उभे होते, त्यांच्यासाठी मथळा आला नाही.

इथे आपल्या जुन्या मीमांसकांकडे वळू. कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. घट दिसत नाही, त्यावरून घट नाही हे कळते. पण त्यांनी लगेच एक अट घातली. न दिसणे हे ‘योग्य’ हवे. म्हणजे, वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. आणि पिशाचाचे उदाहरण तर आपल्या शास्त्रकारांचे आवडते. खोलीत पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून पिशाच नाही हे सिद्ध होत नाही, कारण पिशाच असते तरी ते दिसले नसतेच.

सुरक्षा-तपासणीत कधी घट शोधायचा असतो, कधी पिशाच. या माणसावर कुठे गुन्हा नोंदला आहे काय, त्याचे नाव अमुक यादीत आहे काय, त्याची पदवी खरी आहे काय, हे सगळे घट. शोधायची जागा ठरलेली, शोधला की संपला. यासाठी लागणारा वेळ समजू शकतो, आणि तो मोजता येतो. पण ‘हा माणूस पुढे कधी काही वावगे करणार नाही’ हे पिशाच आहे. ते कुठे दिसले असते, याचे उत्तर नाही. म्हणून ते दिसले नाही असे कितीही वेळा सांगितले तरी शोध संपत नाही. पाच वर्षांचे समाजमाध्यमांवरचे व्यवहार पाहिले, आता दहा वर्षांचे पाहा. २०१७ पासून काही अर्जदारांना एक पुरवणी प्रश्नावली देतात, तिच्यात पंधरा वर्षांचा प्रवास, पत्ते आणि नोकऱ्या लिहायच्या, भावंडांची नावे आणि जन्मतारखाही. आम्हांला कोणी पंधरा वर्षांतला प्रवास विचारला तर आम्ही नाशिकला किती वेळा गेलो तेही सांगू शकणार नाही. आणि विसरलेली एक नोंदही ‘लपवले’ म्हणून उलटू शकते.

तेव्हा आमचा पहिला मुद्दा. असा शोध आपला आपण संपत नाही. तो कोणीतरी बाहेरून थांबवावा लागतो. घड्याळाने, नाहीतर माणसाच्या निर्णयाने. ज्या व्यवस्थेत यांपैकी दोन्ही नाही तिथे उशीर होणारच, तिथला एकेक अधिकारी कितीही सज्जन असो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ११ सप्टेंबर २००१ला विमाने पळवणारे एकोणीसही जण व्हिसा घेऊन आले होते. तीन हजारांच्या घरात माणसे गेली. ज्या देशाने हे पाहिले त्याने खिडकीपाशी थांबून दोनदा पाहिले तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? खरे आहे. आत कोणाला घ्यायचे हे पाहण्याचा अधिकार राज्याचा आहे, आणि थोडा उशीर ही त्याची रास्त किंमत आहे, असे आम्हीही मानतो. पण या आक्षेपात एक गृहीतक लपलेले आहे. ते असे, की जो वेळ जातो तो तपासण्यात जातो. आता नोंदी काय सांगतात ते पाहू.

अमेरिकी काँग्रेसची हिशेबतपासणी संस्था आहे, जीएओ. तिने फेब्रुवारी २००४ मध्ये अहवाल दिला. २००३ सालच्या काही महिन्यांतली विज्ञानाचे विद्यार्थी आणि संशोधक यांची मँटिस प्रकरणे तिने नमुन्यादाखल तपासली होती. सरासरी वेळ निघाला ६७ दिवस. कारणे कोणती? परराष्ट्र खात्याची आणि एफबीआयची संगणकव्यवस्था एकमेकींशी बोलत नव्हती. कोणते प्रकरण पाठवावे, त्यात काय लिहावे, याविषयी वकिलातींतल्या लोकांना स्पष्ट सूचना नव्हत्या. वर्षभराने त्याच संस्थेने पुन्हा पाहिले, तेव्हा नोव्हेंबर २००४ची सरासरी होती सुमारे १५ दिवस. म्हणजे मधल्या बावन्न दिवसांत कोणी कोणाचा शोध घेत नव्हते. फाइल पडून होती. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, दप्तरदिरंगाई. फरक एवढाच, की आपली दिरंगाई दिरंगाई म्हणून ओळखली जाते, तिची देशभक्तीत गणना होत नाही.

दुसरी नोंद याहून बोलकी आहे. नागरिकत्व आणि कायम वास्तव्याच्या अर्जांसाठी एफबीआय नावांची तपासणी करते. अर्जदाराचे नाव जुन्या फायलींत कुठेही आले, आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून किंवा नुसत्या उल्लेखातही, तरी ती फाइल शोधून वाचायची. कित्येक फायली कागदी आणि गावोगावच्या कचेऱ्यांत. मे २००७ मध्ये अशी ३,२९,१६० प्रकरणे थकलेली होती, आणि त्यांतली १,०६,७३८ एक वर्षाहून जुनी. आता विचार करा. हे बहुतेक लोक बाहेर रांगेत उभे नव्हते, ते देशातच राहत होते. त्यांच्यात कोणी खरोखर घातकी असेल, तर त्याला वर्षभर न पाहता मोकळे सोडणे ही सुरक्षा कशी? आणि कोणी घातकी नसेल तर थांबवता कशाला? दोन्ही बाजूंनी बोलले तरी उशिराचे समर्थन होत नाही. असल्या पेचाला तर्कशास्त्रात उभयतःपाश म्हणतात, आणि इथे तो सरकारच्या स्वतःच्या आकड्यांनी टाकलेला आहे.

हवाई-शिक्षण संस्थेची ती प्रसिद्ध गोष्ट इथेच सांगून टाकतो. हल्ला करणाऱ्यांपैकी दोघांना विद्यार्थी म्हणून राहण्याची मंजुरी मिळाल्याचे कागद फ्लोरिडातल्या त्यांच्या विमान-शाळेत पोचले ते मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर! उशीर तिथेही होताच. त्याने कोणाला वाचवले नाही.

मग उशीर टिकतो का? आमचे निदान साधे आहे. अधिकाऱ्याने व्हिसा दिला आणि पुढे काही घडले, तर त्याचे नाव निघते. त्याने थांबवले आणि एका कुटुंबाचे वर्ष वाया गेले, तर कोणाचेच नाव निघत नाही. चुकीच्या ‘हो’ला जबाबदार माणूस आहे, चुकीच्या ‘थांबा’ला नाही. अशा तराजूत आपणही त्या खुर्चीत बसलो तर काय करू? थांबवूच. म्हणून अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तराजू ज्याने केला त्याच्याकडे पाहायला हवे.

आणि न्यायालय? इथे आम्हांला फार वाईट वाटते. १९४८ साली एलेन नॉफ नावाची एक बाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. जन्माने जर्मन, हिटलरच्या काळात परागंदा झालेली, युद्धात इंग्लंडच्या विमानदलाच्या महिला शाखेत काम केलेली, आणि अमेरिकी माजी सैनिकाशी लग्न झालेली. तिला एलिस बेटावर अडवले. कारण सांगितले नाही, कारण सांगणे हेच सुरक्षेला धोक्याचे. जानेवारी १९५०ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की बाहेरच्या माणसाला आत घेण्याबाबत काँग्रेसने जी रीत घालून दिली तीच त्याच्यापुरती न्याय्य प्रक्रिया. पुढे लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले, अखेर सुनावणी झाली, आणि ‘गुप्त पुरावा’ उघडल्यावर ती ऐकीव माहिती निघाली. १९५१च्या शेवटी तिला आत घेतले. तीन वर्षे गेली होती, त्यांतली बरीच कोठडीत.

बाई आत आली, पण तो निवाडा तसाच राहिला. १९७२ साली अर्थशास्त्रज्ञ अर्नेस्ट मंडेल यांना व्याख्यानांसाठी येऊ दिले नाही. तेव्हा न्यायालय म्हणाले, सरकारने वरवर पाहता योग्य आणि प्रामाणिक असे कारण दिले की आम्ही त्यामागे डोकावणार नाही. २०२४ साली एका अमेरिकी नागरिक पत्नीने विचारले, माझ्या नवऱ्याला व्हिसा का नाकारला हे मला कळले पाहिजे की नाही? सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आले की नवऱ्याला देशात आणणे हा तिचा मूलभूत अधिकार नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले, की २२१-जीखाली नकार दिला म्हणजे अधिकाऱ्याचे काम झाले, मग ‘प्रक्रिया’ लांबली अशी तक्रार करायला जागा नाही.

आता दोन्ही टोके जुळवून पाहा. अर्जदाराला सांगायचे, घाई करू नका, अजून निर्णय झालेला नाही. न्यायालयाला सांगायचे, निर्णय तर केव्हाच झाला. एकच कागद एका खिडकीत ‘अपूर्ण’ आणि दुसऱ्या खिडकीत ‘पूर्ण’. आमच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा युक्तिवाद केला असता तर आम्ही त्याला व्याघात म्हणजे काय ते पुन्हा शिकवले असते. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या कायद्यात तो सुखाने नांदतो आहे.

त्यातली आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हे. एच-१बीच्या मंजुरीसाठी स्थलांतर खात्याकडे जलद सेवा आहे. २०२४ साली तिचे शुल्क २,८०५ डॉलर होते. ते भरले की पंधरा कामाच्या दिवसांत खाते काहीतरी पाऊल उचलते, नाहीतर पैसे परत. म्हणजे वेळेची हमी देणे या राज्याला अशक्य नाही. मंजुरीच्या खिडकीत ती विकत मिळते. त्याच माणसाच्या, त्याच नोकरीच्या, व्हिसाच्या खिडकीत मात्र वेळ हा शब्द उच्चारणेच गैर.

डिसेंबर २०२५ मध्ये या सगळ्यावर कळस चढला. १५ तारखेपासून एच-१बीच्या सगळ्या अर्जदारांची आणि एच-४वरच्या त्यांच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमे पाहिली जातील, खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा, असा आदेश निघाला. तपासायला माणसे तेवढीच, वाचायचे मात्र कितीतरी पट. परिणाम ठरलेला. भारतातल्या हजारो मुलाखती पुढे ढकलल्या, बऱ्याच थेट मार्चमध्ये, काही त्याहीपुढे. नाताळच्या सुट्टीत घरी आलेले लोक इथेच अडकले. इथे बसून तिथले काम करावे तर करांचे नियम, कंपनीचे नियम, निर्यातबंदीचे नियम आडवे येतात. पगार थांबतो, तिकडचे घरभाडे आणि गाडीचा हप्ता थांबत नाही. मुलांची शाळा तिकडे, मुले इकडे आजीकडे.

पण आमच्या मते सगळ्यात मोठे नुकसान अडकलेल्यांचे नाही. जे आलेच नाहीत, त्यांचे आहे. वडील अतिदक्षता विभागात आहेत आणि मुलगा न्यूजर्सीत हिशेब मांडतो आहे, गेलो आणि शिक्का अडला तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर बायकोचा आणि मुलांचा आधार जाईल. तो येत नाही. अग्नी पुतण्या देतो, दहावा फोनच्या पडद्यावर होतो. अशी घरे आता पुण्या-ठाण्यात, कोथरूड-डोंबिवलीत किती आहेत ते तुम्हांला आमच्याहून जास्त ठाऊक असेल. यांनी अर्जच केला नाही, म्हणून यांचे प्रकरण ‘प्रलंबित’ नाही. कुठल्या अहवालात यांचा आकडा यायचा? हीही अनुपलब्धीच आहे. आणि ती अगदी योग्य अनुपलब्धी आहे बरं का. तो असता तर दिसलाच असता, खांदा द्यायला पुढे.

दुसऱ्याचे उणे काढताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. आम्ही नोकरीत असताना एका चर्चासत्राला शेजारच्या देशातले एक विद्वान बोलावले होते. त्यांचा विषय नव्यन्याय. त्याहून निरुपद्रवी विषय शोधून सापडायचा नाही. संमतीचा कागद आला तो सत्र संपल्यावर नवव्या दिवशी. उशीर का झाला हे विचारायला दार नव्हते. गलवाननंतरच्या काळात चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा असेच रेंगाळले. त्यांनी पाठवलेली यंत्रे आपल्या कारखान्यांत येऊन पडली, ती बसवणारा माणूस येईना, आणि शेवटी आपलेच उद्योजक सरकारकडे गेले. तेव्हा हा रोग एका देशाचा नाही.

पण त्यावरचे औषधही आपल्याकडे कायद्याच्या रूपात आहे, हे किती जणांना आठवते? महाराष्ट्राचा २००५चा बदल्यांचा आणि विलंब-प्रतिबंधाचा कायदा सांगतो, की सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम त्यापुढे जातो. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, तिला जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी, त्याच्यावर अपील, आणि विनाकारण उशीर केला तर त्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. अंमलबजावणी कशी होते, त्यावर हसू नका, आम्हीही तहसील कचेरीत गेलेलो आहोत. पण यातली कल्पना बघा. उशीर ही कृती आहे असे हा कायदा मानतो. आणि कृती म्हटली की कर्ता आला. ‘प्रक्रिया’ या शब्दाने जो कर्ता पुसला, तो इथे पुन्हा लिहिला आहे.

सुरक्षेच्या प्रकरणाला दाखल्याची मुदत कशी लावणार, असे कोणी विचारील. लावली गेली आहे, आणि अमेरिकेतच. त्या तीन लाखांच्या थकबाकीचे काय झाले ते सांगायचे राहिले. फेब्रुवारी २००८ मध्ये स्थलांतर खात्याने ठरवले, की कायम वास्तव्याच्या अर्जात बाकी सगळे जुळत असेल आणि नावाची तपासणी १८० दिवसांहून जास्त रखडली असेल, तर अर्ज मंजूर करायचा. पुढे काही निघाले तर मंजुरी काढून घ्यायचा अधिकार हातात आहेच. एवढ्याने देश बुडाला नाही. उलट मुदत आली तशी माणसे वाढवली, पद्धत बदलली, आणि जून २००९ मध्ये थकबाकी संपल्याचे जाहीर झाले. जे काम अशक्य म्हणून वर्षानुवर्षे पडून होते ते मुदत पडल्यावर सव्वा वर्षात उरकले.

तेव्हा व्हिसाच्या तपासणीलाही दिवसांची मर्यादा असावी. ती ओलांडायची तर अमुक कारणासाठी आणखी अमुक दिवस, असे कोणा एका अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहावे, आणि ते कारण अर्जदाराला सांगता येत नसेल तर निदान एका न्यायाधीशाला बंद दाराआड सांगावे. हे मागणे मवाळ आहे असे आमचे काही तरुण मित्र म्हणतील. त्यांना सगळ्या सीमाच उघडून हव्या आहेत. आम्हांला तूर्त सही हवी आहे.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना आम्ही वेगळे उत्तर पाठवले आहे. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि वकिलाकडे जाण्याचा सल्ला जास्त आहे. त्यांच्यासारखे आणखी कोणी असतील तर वकिलातीने दिलेला कागद आणि त्यावरची तारीख जपून ठेवा, आणि मुलाखतीत काय विचारले ते त्याच रात्री लिहून काढा. वेळ आज जरा जास्त झाला. पुढच्या वेळी कांटचा १७९५ सालचा चिरंतन शांततेवरचा निबंध घेणार आहोत. परक्याने दाराशी येण्याचा हक्क आणि पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क यांत तो फरक करतो. तो निबंध जमल्यास वाचून या. आता प्रश्न घेऊ.